गंगाजळी किती ठेवावी? मागच्या मंदीने लिहिलेल्या नियमांचा इतिहास (थ्रेड)

१/ वसतिगृहातील माझा खोलीमित्र वर्षभरापासून नियम आखून शेअर घेतो. त्याच्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे : बाजार दहा टक्के पडला की शिलकीतून अमुक रक्कम घालायची, वीस टक्के पडला की दुप्पट. मी विचारले, "आणि शिलकीत ठेवतोस किती?" तो म्हणाला, "पाच टक्के. जास्त ठेवून काय करायचं? पडला तरी सहा महिन्यांत वर येतोच."

२/ हाच प्रश्न मी सुटीत घरी गेल्यावर वडिलांना विचारला. त्यांचे उत्तर होते, "सगळे." १९९२ च्या घोटाळ्यानंतर त्यांनी बँकेच्या मुदत ठेवीपलीकडे कधी पाहिलेले नाही. एकाच प्रश्नाला एकाकडून पाच टक्के आणि दुसऱ्याकडून शंभर टक्के असे उत्तर मिळते, तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याला कुतूहल वाटते ते एका गोष्टीचे : हे आकडे येतात कुठून?

३/ या धाग्यात त्या आकड्यांचा माग काढू. नियमबद्ध गुंतवणूक म्हणजे मनाचा कौल न घेता, आधी ठरवलेल्या सूत्रानुसार शेअर घेणे आणि विकणे. अशा प्रत्येक सूत्राच्या मुळाशी एक गंगाजळी असते. बाजार पडल्यावर खरेदी करायची तर हाताशी पैसा हवा. तो किती ठेवायचा, कशात ठेवायचा आणि केव्हा खर्च करायचा, यावर सूत्राचे सारे भवितव्य ठरते. हा इतिहास बहुतांशी अमेरिकेत घडला आहे.

४/ सुरुवात आकड्यांनी करू. ३ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक ३८१.१७ वर बंद झाला. ८ जुलै १९३२ रोजी तो ४१.२२ वर होता. तीन वर्षांत ८९ टक्के घसरण. शंभर रुपयांचे अकरा झाले, असे समजा.

५/ बाजार पुढे सावरला आणि मार्च १९३७ मध्ये १९४ पर्यंत गेला. मार्च १९३८ अखेर तो पुन्हा ९९ च्या खाली होता. एकाच दशकात दुसऱ्यांदा निम्मी रक्कम गेली होती. पहिल्या घसरणीने लोकांचे पैसे गेले. दुसरीने स्वतःच्या अंदाजावरचा विश्वासही गेला. 'आपल्याला बाजार कळत नाही, तेव्हा निर्णय सूत्राकडे सोपवावा' हा विचार मूळ धरू लागला, तो याच सुमारास.

६/ तो प्रथम रुजला महाविद्यालयांत. तेथे कायमनिधी असतो : मुद्दलाला हात न लावता उत्पन्नावर संस्था चालवायची. विश्वस्तांना दोन्हीकडून धाक. शेअर ठेवावेत तर मुद्दल बुडण्याची भीती, न ठेवावेत तर उत्पन्न आटण्याची. वासर महाविद्यालयाने निर्देशांक जितका चढेल तितका शेअरचा वाटा कमी, अशी पायऱ्यांची पद्धत स्वीकारली. सर्वाधिक गाजली ती मात्र येल विद्यापीठाची योजना.

७/ येल हे नाव आपल्याला अगदी परके नाही. एलिहू येल हा १६८७ ते १६९२ या काळात मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर होता. १७१८ मध्ये त्याने अमेरिकेतील एका लहान महाविद्यालयाला मालाच्या नऊ गासड्या, ४१७ पुस्तके आणि राजा पहिला जॉर्ज याचे चित्र पाठवले. माल विकून ५६२ पौंड आले आणि महाविद्यालयाला दात्याचे नाव मिळाले. म्हणजे या विद्यापीठाच्या गंगाजळीच्या पहिल्या थेंबांत मद्रासमध्ये कमावलेला पैसाही आहे.

८/ १९३० च्या दशकाच्या अखेरीस या निधीची सूत्रे लॉरेन्स टाय या कोषाधिकाऱ्याकडे होती. त्याच्या योजनेचे गणित असे : ३० टक्के रक्कम शेअरमध्ये, ७० टक्के रोख्यांमध्ये. हे रोखे म्हणजेच गंगाजळी. शेअरचे भाव चढून त्यांचा वाटा ४० टक्के झाला, तर विकून ३५ वर आणायचा. भाव पडून वाटा १५ टक्के झाला, तरच खरेदी करून तो २० वर न्यायचा.

९/ वरवर पाहता हे सूत्र तटस्थ दिसते. चढले की विका, पडले की घ्या. पण कागद-पेन्सिल घेऊन बसा. १०० रुपयांपैकी ३० शेअरमध्ये आहेत आणि ७० रोख्यांत. रोख्यांचे मूल्य स्थिर धरले, तर शेअरचा वाटा १५ टक्के होण्यासाठी ते ३० रुपये १२ रुपये ३५ पैशांवर यावे लागतात. म्हणजे पहिली खरेदी होण्यासाठी बाजार ५९ टक्के कोसळायला हवा!

१०/ एकदा विक्री होऊन वाटा ३५ वर आला, की असमतोल आणखी वाढतो. तेथून बाजार २४ टक्के चढला की पुन्हा विक्री. खरेदीसाठी मात्र तो ६७ टक्के पडावा लागतो. बाहेर पडायचा दरवाजा सताड उघडा, आत यायच्या दरवाजाला तीन कुलपे.

११/ १९३७-३८ ची भयंकर घसरण सुमारे ४९ टक्क्यांची होती. या सूत्राने ३० टक्क्यांपासून आरंभ केला असता, तर तेवढ्या पडझडीतही त्याने एक शेअर घेतला नसता. वाटा जेमतेम १८ टक्क्यांपर्यंत उतरला असता. डाऊपुरते बोलायचे तर त्यानंतर आजतागायत ५९ टक्क्यांची घसरण झालेलीच नाही. २००७ ते २००९ ची घसरणदेखील ५४ टक्क्यांवर थांबली.

१२/ मग असे सूत्र कोणत्या घसरणीची वाट पाहत होते? उत्तर उघड आहे : १९३२ ची. भीतीला निर्णयातून हद्दपार करण्यासाठी सूत्र लिहिले गेले. परंतु सूत्रातले आकडे लिहिणारा हात त्या भीतीतूनच आला होता. ती पुढच्या दाराने गेली आणि टक्केवारीच्या रूपाने मागच्या दाराने घरात परतली.

१३/ याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे एक माणूस उलट दिशेने चालला होता. जॉन मेनार्ड केन्स. याची नोकरी सुरू झाली लंडनच्या इंडिया ऑफिसात, आणि १९१३ मधले त्याचे पहिले पुस्तक भारतीय चलनावर होते. १९२४ पासून तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा निधी सांभाळत होता.

१४/ रोकड माणूस का बाळगतो, याचे विवेचन केन्सने १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात केले आहे. एक, रोजच्या व्यवहारासाठी. दोन, अडीअडचणीसाठी. तीन, भाव पुढे बदलतील या अपेक्षेने. नियमबद्ध गुंतवणुकीतली गंगाजळी ही या तिसऱ्या हेतूची. गंमत अशी, की माणसे ती ठेवताना नाव दुसऱ्या हेतूचे घेतात. 'अडीनडीला असावी' म्हणून ठेवलेली रक्कम ही खरे तर बाजार पडेल यावर लावलेली पैज असते. हे दोन डबे वेगळे ठेवले नाहीत, की गोंधळाला सुरुवात होते.

१५/ १९२० च्या दशकात केन्स तेजी-मंदीचे चक्र ओळखून शेअरमधून रोकडीत आणि रोकडीतून शेअरमध्ये जात असे. मे १९३८ मध्ये त्याने कॉलेजला एक टिपण सादर केले आणि त्यात मान्य केले, की ही उलाढाल साधत नाही. मोजके चांगले शेअर निवडून पडत्या काळातही धरून ठेवणे हेच बरे. एकच संकट पाहून एका संस्थेने गंगाजळी ७० टक्के केली, तर दुसरीकडे एका माणसाने रोकडीचा खेळच सोडून दिला.

१६/ आता टाय यांच्या गंगाजळीचे पुढे काय झाले ते पाहू. युद्धखर्चासाठी कर्ज स्वस्त मिळावे म्हणून अमेरिकन सरकारने व्याजदर बांधून ठेवले होते. १९४२ ते १९४७ या काळात तीन महिन्यांच्या सरकारी हुंडीवर ०.३७५ टक्के व्याज मिळे. दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचे व्याज अडीच टक्क्यांच्या आसपास रोखून धरले होते, ते थेट मार्च १९५१ पर्यंत. उलट १९४६ मध्ये किमतींवरची नियंत्रणे उठताच महागाई दोन आकडी झाली.

१७/ म्हणजे गंगाजळी आकड्यांत शाबूत होती, पण तिची क्रयशक्ती रोज झिरपत होती. रोकड 'सुरक्षित' असते असे आपण म्हणतो. कशापासून सुरक्षित, हे विचारत नाही. भाव पडण्यापासून ती सुरक्षित असते. महागाईपासून नसते, आणि वाट पाहण्यात गेलेल्या वर्षांपासून तर नसतेच.

१८/ जून १९४९ मध्ये डाऊ १६१ वर होता. तेथून जी तेजी सुरू झाली, तिने २३ नोव्हेंबर १९५४ रोजी १९२९ चा उच्चांक ओलांडला. पंचवीस वर्षे लागली. ठराविक पातळीवर विक्री करणाऱ्या सूत्रांनी आपले शेअर वाटेतच विकून टाकले होते, आणि बाजार पुन्हा त्या पातळीला उतरला नाही. येलमध्ये दर एका डॉलरच्या शेअरमागे दोन डॉलरचे रोखे हे धोरण युद्धानंतरही बराच काळ टिकले आणि तेजी डोळ्यांदेखत निघून गेली.

१९/ बेंजामिन ग्रॅहम या कोलंबिया विद्यापीठातील अध्यापकाने यावर पुढे मार्मिक टिप्पणी केली. आशय असा : ही सूत्रे जुन्या अनुभवावर बेतलेली होती, आणि ती लोकप्रिय झाली नेमकी तेव्हाच, जेव्हा तो अनुभव कालबाह्य होत होता. १९४९ च्या त्याच्या पुस्तकातला तोडगा साधा होता. शेअर २५ टक्क्यांहून कमी नकोत, ७५ हून अधिक नकोत, रोख्यांचेही तसेच. आपली भीती आणि आपला हव्यास, दोघांनाही घराबाहेर काढता येत नाही. कुंपण घालता येते.

२०/ पुढचा टप्पा १९७० चे दशक. जानेवारी १९७३ मध्ये डाऊ १,०५१ वर होता, डिसेंबर १९७४ मध्ये ५७७ वर. बाजार वर जाई, खाली येई आणि वर्षानुवर्षे जिथल्या तिथे राही. १९७९ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकन साप्ताहिकाने मुखपृष्ठावरच शेअरचा मृत्यू जाहीर केला. या वातावरणात १९७७ मध्ये रॉबर्ट लिचेलो यांचे पुस्तक आले. शेअर बाजारात दहा लाख डॉलर 'आपोआप' कसे कमवावेत, असे त्याचे शीर्षक होते. आता सूत्र विश्वस्तांच्या हातून सामान्य माणसाच्या खिशात आले.

२१/ लिचेलो यांची रीत अशी. १०,००० डॉलर असतील तर ५,००० चे शेअर, ५,००० रोकड. एक 'नियंत्रण आकडा' लिहून ठेवायचा. आरंभी तो ५,०००. दरमहा पाहायचे : शेअरचे मूल्य या आकड्यापेक्षा किती कमी वा अधिक आहे? त्या फरकातून शेअरमूल्याचा दहावा हिस्सा वजा करायचा, म्हणजे किरकोळ हालचालींवर व्यवहार होत नाही. उरेल तेवढी खरेदी वा विक्री. खरेदी केली तर तिची निम्मी रक्कम नियंत्रण आकड्यात मिळवायची. विक्रीनंतर तो तसाच ठेवायचा.

२२/ उदाहरण मांडून पाहिले. दलाली सोडून देऊ. भाव १० डॉलर, शेअर ५००. भाव ८ झाला की सूत्र सांगते, ६०० डॉलरची खरेदी करा. ५ झाला : सुमारे २,१३७ ची. ४ झाला : सुमारे १,९५८ ची. मग भाव ५, ८ आणि शेवटी पुन्हा १० वर परतला, आणि वाटेत ८ ला सूत्राने सांगितलेली विक्री केली, तर एकूण रक्कम होते सुमारे १४,३७५ डॉलर. आरंभीच सगळे पैसे शेअरमध्ये घालून बसलेल्याचे १०,००० चे १०,०००च. डोळे दिपतात ते येथे.

२३/ पण ४ डॉलरवरच थांबा आणि डब्यात डोकावा. ५,००० पैकी ३०५ डॉलर उरले आहेत. समजा भाव ३ झाला. सूत्र म्हणते, आणखी सुमारे २,४२४ ची खरेदी करा. कशाने? जेव्हा शेअर सर्वांत स्वस्त आहेत, नेमक्या त्याच दिवशी तिजोरी रिकामी. टाय यांच्या सूत्राची गंगाजळी कधी खर्चच होत नव्हती. हिची सर्वांत गरजेच्या क्षणी संपते.

२४/ आणि उलट बाजू. भाव १० वरून १२, १५, २० असा चढतच गेला तर? सूत्र दर टप्प्यावर थोडे विकत राहते. २० वर एकूण रक्कम १४,३०० होते. सगळे शेअर धरून बसलेल्याचे २०,०००. निम्मे-निम्मे करून नंतर काहीच न केलेल्या आळशी माणसाचेही १५,०००!

२५/ निम्मी रोकड हा आकडाही निसर्गनियम नव्हता. वर-खाली हेलकावणाऱ्या बाजाराने तो सुचवला होता. ऑगस्ट १९८२ मध्ये डाऊ ७७७ च्या आसपास होता आणि तेथून दीर्घ तेजी सुरू झाली. तेव्हा निम्मी रोकड जड वाटू लागली. पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीत ८० टक्के शेअर आणि २० टक्के रोकड अशी सुधारित पद्धत अवतरली. यंत्र जुनेच, त्यात घातलेली आठवण तेवढी नवी.

२६/ येलची कथा येथे पुन्हा जोडली जाते. १९८५ मध्ये डेव्हिड स्वेन्सन यांच्याकडे तोच निधी आला. त्यांनी शेअरसारख्या मालमत्तेला झुकते माप दिले आणि प्रत्येकाचे प्रमाण ठरवून टाकले : घटले की भरून काढायचे, वाढले की छाटायचे. टाय यांच्यासारखी पन्नास-साठ टक्क्यांच्या कोसळण्याची प्रतीक्षा नाही.

२७/ १९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ एका दिवसात ५०८ अंकांनी, म्हणजे २२.६ टक्क्यांनी पडला. नियमाप्रमाणे येलने रोखे विकून शेअर घेतले. गुंतवणूक समितीतील जाणती माणसे अस्वस्थ झाली; हे चुकले तर विद्यापीठाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, अशी चिंता व्यक्त झाली. चर्चा झाली आणि नियम कायम राहिला. गंगाजळीचे मोल ती साठवण्यात नसून, सगळे पळत असताना ती खर्च करण्यात असते, याचा एवढा स्पष्ट दाखला मला दुसरा सापडला नाही.

२८/ आता परत वसतिगृहात येऊ. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२,००० च्या वर गेला होता. २३ मार्च रोजी तो एका दिवसात ३,९३५ अंक पडून २५,९८१ वर बंद झाला. नोव्हेंबरमध्ये त्याने जानेवारीचा उच्चांक ओलांडलादेखील. माझा मित्र तेव्हा शाळेत होता. त्याच्या पिढीने पाहिलेली मोठी मंदी एवढीच : आठ-दहा महिन्यांची, आणि गोड शेवटाची. 'सहा महिन्यांत वर येतोच' हे त्याचे वाक्य त्या वर्षाने लिहिले आहे. वडिलांचे 'सगळे' हे १९९२ ने.

२९/ पंचवीस वर्षे वर न येणारा बाजार इतिहासात आहे. कधीच न परतलेल्या पातळीची वाट पाहणारी गंगाजळीही आहे. दोन्ही प्रसंगांत माणसे मूर्ख नव्हती. त्यांनी काळजीपूर्वक सूत्र लिहिले. फक्त आपले आयुष्य हाच बाजाराचा संपूर्ण इतिहास आहे असे गृहीत धरले.

३०/ मित्राच्या वहीत मी ढवळाढवळ केली नाही. तो माझा विषय नाही. एवढेच सुचवले, की पाच टक्के या आकड्याशेजारी तो कोणत्या घसरणीवरून घेतला तेही लिही, आणि घसरण तीस महिने चालली तर कितव्या महिन्यात डबा रिकामा होतो ते मांडून पाहा. त्याने रात्री मांडून पाहिले. सातव्या महिन्यात. आकडा त्याने अद्याप बदललेला नाही, पण समोर पेन्सिलीने '२०२०' असे लिहून ठेवले आहे.

३१/ मित्रहो, आपापल्या घरात हा प्रश्न विचारून पाहा : शिलकीत किती ठेवावे? आजी, वडील, मोठी बहीण, प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल, आणि प्रत्येक उत्तरामागे एक साल असेल. ते साल खाली जरूर लिहा. हा धागा गुंतवणुकीचा सल्ला नव्हे. (समाप्त)